खतावणीची साक्ष : प्रॉव्हिडन्सच्या ब्राऊन घराण्याचे दप्तर

घराण्याचा इतिहास दोन प्रकारे मागे उरतो. एक, वंशजांनी पूर्वजांच्या गौरवार्थ लिहिलेला. दुसरा, पूर्वजांनीच रोजच्या व्यवहारासाठी लिहून ठेवलेल्या कागदांत नकळत उतरलेला. पहिल्यात दानधर्म, पराक्रम आणि कीर्ती असते. दुसऱ्यात मालाचे भाव, येणे-देणे, जहाजांची विमापत्रे, नोकरांचे पगार आणि बुडालेल्या रकमा असतात. पहिला वाचावयास गोड वाटतो. परंतु सत्याच्या शोधात निघालेल्या अभ्यासकाला शेवटी दुसऱ्याकडेच वळावे लागते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याच्या प्रॉव्हिडन्स शहरातील ब्राऊन या व्यापारी घराण्याचे दप्तर हे या दुसऱ्या प्रकारचे एक विलक्षण उदाहरण आहे. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या दप्तरात एका घराण्याचे वैभव जसे नोंदलेले आहे, तसाच त्याच घराण्याचा अपराधही त्याच शाईने, त्याच वळणदार अक्षरांत नोंदलेला आहे. त्या दप्तराची ओळख वाचकांना करून द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

वसाहत, घराणे आणि पेढी

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीतून धार्मिक मतभेदांमुळे हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सने १६३६ साली प्रॉव्हिडन्सची स्थापना केली. कोणावरही धर्माची सक्ती होऊ नये, हे त्या वसाहतीचे मूलतत्त्व होते. दोनच वर्षांनी, १६३८ साली, चॅड ब्राऊन तेथे येऊन स्थायिक झाला आणि बाप्टिस्ट मंडळीचा पुढारी बनला. त्याच्याच वंशात, १६९८ साली, कॅप्टन जेम्स ब्राऊनचा जन्म झाला. घराण्याच्या व्यापाराचा पाया या जेम्सने घातला. वेस्ट इंडीजच्या बेटांकडे लाकूड, घोडे, खारवलेले मांस व धान्य पाठवायचे आणि तिकडून उसाची काकवी आणायची, हा त्याचा मुख्य धंदा. काकवीपासून ऱ्होड आयलंडच्या भट्ट्यांत रम गाळली जाई आणि ही रम जगाच्या अनेक किनाऱ्यांवर चलनासारखी चाले.

१७३६ साली जेम्सने ‘मेरी’ नावाचे गलबत आफ्रिकेस पाठविले. गुलामांच्या खरेदीसाठी प्रॉव्हिडन्सहून निघालेले ते पहिले जहाज. मालाची देखरेख करण्यासाठी त्याचा धाकटा भाऊ ओबडाया त्यावर गेला होता. पुढे १७३९ साली जेम्स अकाली वारला आणि त्याच्या मुलांना व्यापाराचे शिक्षण देण्याची जबाबदारी ओबडायाने उचलली. १७६२ साली ओबडायाचेही निधन झाल्यावर निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस या चार भावांनी ‘निकोलस ब्राऊन आणि कंपनी’ ही पेढी सुरू केली. निकोलस हिशेबी आणि सावध. जोसेफ यंत्रे, खगोल आणि वास्तुकला यांत रमणारा. जॉन धाडसी आणि आक्रमक. तर धाकटा मोझेस अंतर्मुख. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या आणि एकाच पेढीत बसणाऱ्या या चौघांचे मार्ग पुढे किती दूर गेले, ते आपण पाहणारच आहोत.

दप्तराचे अंतरंग

अठराव्या शतकातील व्यापाऱ्याचे सारे जग कागदावर चाले. त्याचे जहाज बंदराबाहेर पडले की सहा-सहा महिने, कधी वर्षभर, त्याची खबर नसे. म्हणून कप्तानाला लेखी सूचनापत्र द्यायचे, त्याची नक्कल पत्रवहीत उतरवून ठेवायची, परदेशातील अडत्याला पत्र पाठवायचे ते दोन-तीन वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायचे, अशी रीत होती. दिवसाचा व्यवहार प्रथम कच्च्या वहीत, तेथून रोजकीर्दीत आणि शेवटी खतावणीत जाई. त्याशिवाय मालाच्या याद्या, हुंड्या, विम्याची कागदपत्रे, खलाशांच्या पगाराच्या नोंदी असत. ब्राऊन बंधूंनी हे सारे जपून ठेवले. जुने येणे वसूल करताना किंवा कोर्टात दावा लागल्यास कागद हाताशी असावा, हा त्यामागचा साधा हेतू. इतिहासासाठी आपण काही राखून ठेवीत आहोत, असे त्यांच्या मनातही नसेल.

या कागदांतून पेढीच्या अनेक उद्योगांचा तपशील मिळतो. देवमाशाच्या डोक्यातील मेदापासून पांढऱ्याशुभ्र, वास न येणाऱ्या, संथ जळणाऱ्या मेणबत्त्या करण्याचा कारखाना ओबडायाने १७५० नंतरच्या दशकात काढला होता. चारही भावांनी तो वाढविला. १७६१ साली या धंद्यातील कारखानदारांनी एकत्र येऊन करार केला : कच्च्या मालासाठी ठरावीक भावापेक्षा अधिक द्यायचे नाही, मेणबत्ती ठरावीक भावाखाली विकायची नाही आणि नवा कारखाना उभा राहू द्यायचा नाही. दोन वर्षांनी कच्च्या मालाची वाटणी ठरली, तेव्हा दर १०० पिंपांमागे २० पिंपे ब्राऊन पेढीच्या वाट्यास आली. आजच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या संगनमताचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल. १७६५ साली भावांनी भागीदारीत लोखंडाची भट्टी सुरू केली आणि तिचे नाव आपल्या आईच्या नावावरून ‘होप’ असे ठेवले. स्वातंत्र्ययुद्धात याच भट्टीत तोफा ओतल्या गेल्या. जोसेफने १७६९ साली प्रॉव्हिडन्स येथे शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहण्यासाठी उपकरणे मागवली, आणि तेथील बाप्टिस्ट मंडळीच्या १७७५ साली पूर्ण झालेल्या भव्य मंदिराचा आराखडाही त्यानेच केला. असे हे कर्तबगार घराणे.

‘सॅली’ची चोपडी

याच दप्तरात एका जहाजाची हिशेबवही आहे. ‘सॅली’ असे त्या जहाजाचे नाव. सप्टेंबर १७६४ मध्ये चारही भावांच्या मालकीचे हे जहाज प्रॉव्हिडन्सहून पश्चिम आफ्रिकेकडे निघाले. त्यात १७,२७४ गॅलन रम भरलेली होती. शिवाय स्वतःच्या कारखान्यातील मेणबत्त्या, तंबाखू, कांदे आणि इतर माल होता. त्याच यादीत बंदुका, हातकड्या आणि बेड्याही आहेत. भावांनी कप्तानाला दिलेले सूचनापत्र उपलब्ध आहे. माल विकून गुलाम घ्यावेत, ते वेस्ट इंडीजमध्ये चांगल्या भावाने विकावेत आणि घरच्या कामासाठी सुमारे पंधरा वर्षांचे चार धडधाकट मुलगे परत आणावेत, असा त्याचा आशय. पत्राची भाषा सभ्य, व्यवहारी आणि शांत आहे. मेणबत्त्यांच्या पेट्यांविषयी लिहिलेल्या पत्राहून ती जराही वेगळी नाही, आणि वाचताना अंगावर काटा येतो तो याच कारणाने.

कप्तान होता इसेक हॉपकिन्स. पुढे १७७५ साली बंडखोर वसाहतींच्या आरमाराचा पहिला सेनापती म्हणून त्याची नेमणूक झाली. त्याचा भाऊ स्टीफन हॉपकिन्स हा ऱ्होड आयलंडचा गव्हर्नर. इंग्लंडच्या संसदेने वसाहतींच्या हक्कांवर केलेल्या आक्रमणाविरुद्ध तो त्याच सुमारास लेखणी झिजवीत होता, आणि १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. एका भावाच्या तोंडी स्वातंत्र्याचा मंत्र आणि दुसऱ्या भावाच्या जहाजात बेड्या, हे त्या काळचे चित्र होय.

हॉपकिन्सला या धंद्याचा अनुभव नव्हता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इतर जहाजांचीही गर्दी होती. रमच्या पिंपांच्या बदल्यात एक-एक, दोन-दोन माणसे घेत तो नऊ महिन्यांहून अधिक काळ तेथे रेंगाळला. एकूण १९६ आफ्रिकी स्त्री-पुरुष आणि मुले त्याने घेतली. आधी घेतलेली माणसे महिनोन्‌महिने जहाजाच्या तळाशी कोंडलेली होती. त्यांतील काही किनारा सोडण्यापूर्वीच मरण पावली; एका स्त्रीने तेथेच गळफास लावून घेतल्याची नोंद हिशेबवहीत आहे. ऑगस्ट १७६५ मध्ये जहाज निघाले. खलाशी आजारी पडल्यामुळे काही बंदिवानांना कामासाठी वर आणण्यात आले, तेव्हा त्यांनी बंड केले. खलाशांनी गोळ्या झाडल्या. आठ जण ठार झाले, कित्येक जखमी झाले. त्यानंतर उरलेल्यांनी जगण्याची आशाच सोडली. काहींनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी अन्न वर्ज्य केले, काही रोगाने गेले, असे कप्तानाने अँटिग्वा बेटावरून मालकांना कळविले. १९६ पैकी किमान १०९ जण मृत्यू पावले. जे वाचले ते इतके खंगलेले होते, की त्यांना अत्यल्प किंमत आली. पेढीला मोठा तोटा झाला.

हे सारे आपल्याला कळते ते त्या हिशेबवहीमुळे. मृत्यूची प्रत्येक नोंद एका ओळीची आहे : तारीख, पुरुष, स्त्री, मुलगा की मुलगी, आणि अनुक्रमांक. मालाची घट मालकाला दाखविता यावी म्हणून हे आकडे घातलेले आहेत. पाने उलटावीत तसतसा आकडा वाढत जातो. नाव मात्र एकाचेही नाही. आपल्या धर्मग्रामांतील स्नानसंस्काराच्या आणि दफनाच्या जुन्या वह्या ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना या फरकाचे मोल समजेल. चार दिवसांच्या अर्भकाचेही तेथे नाव असते, आई-बापाचे नाव असते, गाव असते. ‘सॅली’च्या वहीत माणसे आहेत आणि नावे नाहीत. ती माणसे कोणत्या गावची, कोणाची लेकरे, त्यांची भाषा कोणती, यांतले काहीही लिहिणाऱ्याला आवश्यक वाटले नाही.

एकाच घरातील दोन वाटा

‘सॅली’च्या अनुभवानंतर निकोलस, जोसेफ आणि मोझेस या धंद्यात पुन्हा पडले नाहीत. तोट्यामुळे की टोचणीमुळे, हे तिघांच्याही बाबतीत सारखेच सांगता येणार नाही. परंतु मोझेसच्या मनावर झालेला घाव त्याच्याच कागदपत्रांत दिसतो. १७७३ साली त्याची पत्नी ॲना वारली. दुःखात बुडालेल्या मोझेसने आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने लेखी दस्तऐवज करून आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त केले आणि पुढील वर्षी तो क्वेकर पंथात सामील झाला. १७८३ साली प्रॉव्हिडन्सची एक पेढी आफ्रिकेस जहाज पाठविण्याच्या विचारात आहे असे कळताच त्याने तिला पत्र लिहिले. आपण पूर्वी या धंद्यात भाग घेतला त्याचा आपणांस किती पश्चात्ताप होतो, हे त्यात त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. वेळीच कोणी आपल्याला असे सावध केले असते तर बरे झाले असते, असा त्या पत्राचा सूर आहे.

जॉनची वाट वेगळी होती. ब्रिटिशांचे ‘गॅस्पी’ हे जहाज १७७२ साली जाळण्यात पुढाकार घेणारा हा देशभक्त. प्रॉव्हिडन्सच्या कॉलेजचा अनेक वर्षे खजिनदार. १७८७ साली ‘जनरल वॉशिंग्टन’ हे आपले जहाज मद्रास आणि कँटनकडे पाठवून ऱ्होड आयलंडसाठी पूर्वेकडील व्यापाराचा मार्ग उघडणारा साहसी व्यापारी. हाच जॉन गुलामांच्या व्यापाराचा उघड समर्थक होता. इतर देश हा व्यापार करीत असता आपणच त्याचा नफा का सोडावा, हा त्याचा युक्तिवाद. ऱ्होड आयलंडने १७८७ साली आपल्या नागरिकांना या व्यापारास बंदी केली. १७८९ साली मोझेस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रॉव्हिडन्स येथे गुलामगिरीविरोधी संस्था स्थापन केली, तेव्हा जॉनने वर्तमानपत्रातून टोपणनावाने तिच्यावर हल्ला चढविला. मोझेसनेही उत्तरे दिली. सारे शहर दोन भावांचा हा वाद वाचीत होते.

१७९४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने परदेशी मुलखांत गुलाम विकण्यासाठी जहाजे पाठविण्यास मनाई करणारा कायदा केला. त्याखाली १७९७ साली जॉन ब्राऊनवर खटला भरला गेला. या कायद्याखाली न्यायालयापुढे उभा राहिलेला तो पहिला अमेरिकन. त्याच्या ज्या जहाजाने क्यूबात गुलाम नेऊन विकले होते ते जप्त झाले. त्या जहाजाचे नावही ‘होप’, म्हणजे त्यांच्या आईचेच. फौजदारी आरोपातून मात्र ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. खटल्यामागे उभी असलेली संस्था मोझेसची होती. तरीही दोघा भावांमधील पत्रव्यवहार तुटला नाही. पत्रांत घरच्या मंडळींची चौकशी आहे, व्यवहाराच्या गोष्टी आहेत आणि मधूनच धर्म आणि न्याय यांवरचा कठोर वाद आहे. जॉनने आपले मत १८०३ साली मरेपर्यंत बदलले नाही.

कापसाचा धागा

येथे कथा संपली असती, तर ती एका सज्जन आणि एका दुर्जन भावाची सोपी बोधकथा झाली असती. परंतु कागद तेथे थांबू देत नाहीत. १७९० साली मोझेसने सॅम्युएल स्लेटर या इंग्रज तरुणास आश्रय दिला. सूतगिरणीच्या यंत्रांची माहिती इंग्लंडबाहेर जाऊ नये म्हणून तेथे कडक कायदे होते; स्लेटर ती माहिती डोक्यात साठवून अमेरिकेस आला होता. मोझेसच्या पाठबळावर डिसेंबर १७९० मध्ये पॉटकेट येथे पाण्याच्या शक्तीवर कापूस कातणारी यंत्रे चालू झाली. अमेरिकेतील कारखानदारीचा हा आरंभ समजला जातो. पुढे जसजशा गिरण्या वाढल्या, तसतशी कापसाची मागणी वाढली, आणि तो कापूस मुख्यत्वे दक्षिणेकडील मळ्यांतून येऊ लागला. तेथे तो गुलामांच्या श्रमांवर पिकत होता. ज्याने गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचले, त्याच्याच हातून तिच्या वाढीस लागणारी एक बाजारपेठ उभी राहण्यास मदत झाली. मोझेस ९७ वर्षे जगला आणि १८३६ साली वारला. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पापाचे धागे व्यवहारात किती खोल गुंतलेले असतात आणि एका माणसाच्या निश्चयाने ते सारेच तुटत नाहीत, हे या कागदांवरून ध्यानात येते.

दप्तर ग्रंथालयात येते

निकोलसचा मुलगा दुसरा निकोलस याने १८०४ साली प्रॉव्हिडन्सच्या कॉलेजला ५,००० डॉलर्सची देणगी दिली आणि कॉलेजला घराण्याचे नाव मिळाले. तेच आजचे ब्राऊन विद्यापीठ. त्याचा मुलगा जॉन कार्टर ब्राऊन (१७९७–१८७४) याने अमेरिका खंडाच्या इतिहासावरील दुर्मिळ ग्रंथ जमविले. ते ग्रंथ ज्या ग्रंथालयात ठेवलेले आहेत ते त्याच्याच नावाने १९०४ साली विद्यापीठाच्या आवारात उघडले. घराण्याच्या पेढीचे दप्तरही कालांतराने त्याच ग्रंथालयाकडे आले, तर मोझेसची बरीच कागदपत्रे ऱ्होड आयलंड इतिहास संस्थेकडे आहेत. प्रा. जेम्स हेजेस यांनी या दप्तराच्या आधारे घराण्याचा इतिहास दोन खंडांत लिहिला. पहिला १९५२ साली आणि दुसरा १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा भर व्यापार आणि उद्योगांच्या वाढीवर होता.

कागद तेच राहतात, परंतु त्यांना विचारले जाणारे प्रश्न बदलतात. २००१ साली रूथ सिमन्स विद्यापीठाच्या अध्यक्षा झाल्या. गुलामांच्या वंशात जन्मलेल्या या विदुषीने २००३ साली एक समिती नेमली आणि विद्यापीठाचा गुलामगिरीशी आलेला संबंध निःसंकोचपणे शोधून काढण्यास तिला सांगितले. समितीने २००६ साली आपला अहवाल सादर केला. तिचा मुख्य साक्षीदार होता घराण्याचे दप्तर. ‘सॅली’ची चोपडी, सूचनापत्र, कप्तानाची पत्रे हे सारे लोकांसमोर मांडले गेले. १७७० साली कॉलेजची पहिली इमारत बांधताना काही गुलामांनीही काम केले होते. त्यांतील काहींची नोंद केवळ मालकाच्या नावाने आहे, हेही हिशेबांतून पुढे आले. ऱ्होड आयलंडच्या जहाजांनी एकंदरीत एक लाखाहून अधिक आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेली, त्या प्रचंड हिशेबात ब्राऊन घराण्याचा वाटा लहान होता. परंतु इतर अनेक पेढ्यांचे कागद काळाच्या ओघात नाहीसे झाले आणि यांचे राहिले. २०१४ साली विद्यापीठाच्या आवारात मार्टिन पुरियर या शिल्पकाराने केलेले स्मारक उभारण्यात आले : जमिनीत अर्धा रुतलेला लोखंडी गोळा आणि त्यातून वर आलेली तुटलेली साखळी.

आम्हांस या इतिहासात एक गोष्ट विशेष विचारणीय वाटते. ब्राऊनांच्या वंशजांना ‘सॅली’ची चोपडी जाळून टाकणे अशक्य नव्हते. दीर्घकाळ ती त्यांच्याच ताब्यात होती. विद्यापीठाला नाव दिलेल्या, कलासंग्रह आणि ग्रंथालये उभारलेल्या घराण्याला ती पाने सोयीची खासच नव्हती. तरी त्यांनी ती इतर वह्यांसोबत ठेवली आणि अखेर अभ्यासकांच्या हाती दिली. त्यायोगे पूर्वजांचा दोष धुऊन निघाला, असे आम्ही म्हणणार नाही. १०९ जणांचे प्राण कशानेही परत येत नाहीत. परंतु त्या १०९ जणांचा मागमूस जगात उरला आहे तो याच पानांवर. ती नष्ट झाली असती, तर ती माणसे जगाच्या स्मृतीतूनही दुसऱ्यांदा नाहीशी झाली असती.

आपणांपैकी अनेकांच्या घरी, माळ्यावरच्या पेटीत वा जुन्या कपाटात, पणजोबांच्या काळातील वह्या, खरेदीखते, कर्जरोखे, पत्रे पडून असतील. घराची डागडुजी निघाली की प्रथम तीच रद्दीत जातात. त्यांत कोणाच्या श्रमांची, कोणाच्या गहाण पडलेल्या शेताची, कोणावर झालेल्या अन्यायाची वा उपकाराची नोंद असेल, हे वाचल्यावाचून कळावयाचे नाही. ते कागद आपल्या पूर्वजांना मोठेपणा देतील किंवा खाली मान घालावयास लावतील. दोन्ही परींनी ते जपले पाहिजेत, सवडीने वाचले पाहिजेत आणि पुढच्या पिढीच्या हाती जसेच्या तसे दिले पाहिजेत.